आधी डोळे

मंडईच्या रात्री पहिलं काम चेहऱ्याचं नसतं,
पॅनस्टिक जागी करण्याचं असतं.
कार्तिकातल्या थंडीत ती आखडून बसते,
गालावर ओढली तर खडूसारखी खरखरते.
मी जनरेटरच्या पत्र्यावर ठेवते दोन मिनिटं.
पतिरामकाका काखेत धरतात,
आणि काखेत धरूनच सगळ्यांशी भांडतात.

चाळीस वर्षांचा त्यांचा क्रम.
आधी खोबरेल, लावून पुसलेलं,
नुसता वास उरेल इतकंच.
मग रंग, कपाळापासून खाली,
कानाच्या पाळ्या, पाळ्यांच्या मागे, मान.
"मान इसरली तं मुखवटा दिसते पोरी,
मानूस नाई दिसत."
मग गालांची लाली. मग पावडर,
भिंतीवर शेणी थापावी तशी थापून.
आणि सगळं झाल्यावर, दम घेऊन,
डोळे.
"गनपतीचे डोरे कदी काढते कुंभार?
सगळ्यात मागून. मंग?"

मी वडशाच्या पार्लरात सहा महिने झाडू मारला
आणि मारता मारता शिकले.
माझा क्रम तिथला: आधी डोळे.
पापणीवरचा काळा-निळा भुगा
खाली सांडतोच, कितीही हात धरा.
गाल कोरा असला तर ओल्या कापसाचा एक फटका,
झालं.
गाल रंगलेला असला
तर भुग्यासोबत गालही निघून येतो,
आणि बाहेर नांदी सुरू झालेली असते.
"सांडनारं आधी सांडू द्या नं काका."
"तू मले शिकवून रायली काय?"
अशा दोन मंडया गेल्या. एकाच आरशात
दोन तोंडं, एकमेकांकडे न बघता बोलणारी.

तिसऱ्या वर्षी, वैनगंगेपलीकडच्या एका गावात,
धानाचे पुंजणे उचललेल्या बांधीत तंबू होता.
पायाखाली अजून धसकटं टोचत होती.
रत्नप्रभाबाई खुर्चीत, डोळे मिटून.
काकांनी काजळाची रेघ ओढली,
कोपऱ्यापाशी थांबायची ती थांबली नाही,
कानशिलापर्यंत गेली,
माठाला तडा जावा तशी.

बाईंनी डोळे उघडले. आरशात बघितलं.
आम्ही सगळ्यांनी बघितलं.
फक्त काकांना दिसलं नव्हतं.
ते ब्रश झटकून दुसऱ्या डोळ्याकडे वळत होते.

"थंडी लय हाय नं आज," बाई म्हणाल्या,
"माहीच मान हालली, काका."

काका तसेच उभे राहिले. मग बोटानं
बाईंच्या कानशिलापर्यंत चाचपत गेले,
बोट दिव्याजवळ नेऊन पाहिलं,
काळं.
ब्रश माझ्या हातात दिला. काखेइतकाच ऊन होता.
"तू डोरे घे," म्हणाले.
जरा वेळानं,
"आधीच घे. मी थांबतो."
आणि पेटीवर बसून राहिले,
पाळी यायची असलेल्या नटासारखे.

तेव्हापासून डोळे माझे, बाकी चेहरा त्यांचा.
मानेला मला हात लावू देत नाहीत.
नागपूरला मोतीबिंदूचं शिबिर असतं, मी सांगते.
ते म्हणतात, मंडई होऊ दे.

पहाटे पुसतानाचा क्रम मात्र
आमच्यात कधीच वादाचा नव्हता.
तेलाचा कापूस आधी डोळ्यांवर,
घासायचं नाही, वीस आकडे ठेवून द्यायचा,
रंग आपणहून सुटतो.
पण वीस आकडे कोणाला असतात?
गाडी सुटायची घाई,
आणि दरोडेखोराचं काम करणाऱ्या मेश्राम गुरुजींना
सातची शाळा.

तिथे पोरं पाढा म्हणता म्हणता अडकतात.
सतरा साते… सतरा साते…
दुसऱ्या रांगेतली एक चिमुरडी उभी राहते:
"गुर्जी, तुमच्या मायनं
काजळ घातलं,
मंग तीट काहून नाई लावली?"